राजकारण नको, ग्रुप शाळेचा आहे

८ मे २०२५ च्या रात्री साडेअकराच्या सुमाराला आमच्या दहावीच्या ग्रुपने कराची घेतली.

मी जागा होतो, पण युद्धासाठी नव्हे. मेचा दुसरा आठवडा म्हणजे आमच्याकडे आंबा उतरवायची घाई. वळवाची एक सर आली की मालाचा भाव आणि बागायतदाराचा चेहरा एकदमच उतरतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर माझ्या वाट्याला वडिलांची चाळीसेक कलमं आली, म्हणून मीही स्वतःला बागायतदार म्हणवतो. पडवीत दिव्याखाली पेट्या भरणं चाललं होतं. तळाला पेंढा, त्यावर आंब्याचा थर, पुन्हा पेंढा. फोन तिथेच बाजूला ठेवला होता आणि तो पेंढ्यात उंदीर शिरल्यासारखा सारखा खुसफुसत होता.

उघडून पाहिलं तर कराची बंदर बेचिराख झालेलं. विक्रांत या युद्धनौकेने करून दाखवलेलं. ज्वाळांचे व्हिडिओ, तिरंगे, हात जोडलेले, मुठी आवळलेल्या. आमच्यातला एक पुण्याला असतो. आयुष्यभर कारखान्यात बॉयलर सांभाळून तो निवृत्त झाला आणि आता नौदल सांभाळतो. त्याने पुढच्या चढाईचा मार्गही आखून दिला होता. टीव्हीवरही त्या रात्री बऱ्याच वाहिन्यांवर हेच चाललं होतं, तेव्हा एकट्या ग्रुपला नावं ठेवण्यात अर्थ नाही. असे जे व्हिडिओ देशभर फिरले त्यातले काही चक्क व्हिडिओ गेममधले निघाले. सकाळी कराची होती तिथेच होती. सहा वाजून दहा मिनिटांनी पुण्याहून जास्वंदीच्या फुलासकट सुप्रभात आलं. रात्रीच्या विजयाचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

ग्रुपचा अॅडमिन मी. निवडून आलेलो नाही, दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून झालो. ग्रुपच्या माहितीत पहिली ओळ माझीच आहे: राजकारण नको, ग्रुप शाळेचा आहे. हा नियम करावा असा आग्रह ज्याने धरला होता, त्यानेच तो सगळ्यांत जास्त वेळा मोडला आहे. पण त्याचंही बरोबर आहे. त्याच्या मते गाझा, युक्रेन, ट्रम्प हे राजकारण नव्हेच, ती जनरल नॉलेजची गोष्ट. राजकारण म्हणजे नगरपरिषद.

अॅडमिन झाल्यावर माणूस वाचण्यापेक्षा मोजायला लागतो. कोण बोलतं, कोण बोलत नाही. आमच्यातले दोघे कुवेतला, एक जहाजावर, एक न्यू जर्सीला, बरेचसे मुंबई-पुण्यात, उरलेले इथे रत्नागिरीत, साळवी स्टॉप ते मांडवी एवढ्या पट्ट्यात. इस्रायल-इराणवर सगळ्यांत जास्त लिहिणाऱ्याचा पासपोर्ट बारा वर्षांपूर्वीच संपलेला आहे. तांबड्या समुद्रातून ज्याचं जहाज जातं, तो तांबड्या समुद्राबद्दल अवाक्षर काढत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये हुथींनी गॅलेक्सी लीडर हे जहाज पळवलं तेव्हापासून आमच्या ग्रुपने या विषयावर किती मजकूर पाडला असेल! जहाजावरच्या आमच्या मित्राने त्या काळात एकदाच काहीतरी टाकलं, तेही डेकवर वाळत घातलेल्या पापडांचा फोटो.

आधी मला वाटायचं, हा योगायोग. आता नाही वाटत. ज्याचं माणूस तिथे आहे, किंवा ज्याची भाकरी तिथून येते, तो वाद घालत नाही. तो फोन लावत असतो.

९ मेला सकाळी पेट्यांची गाडी रवाना करून मी मिरकरवाड्याला गेलो. आमच्याच वर्गातला एक राजिवड्याचा, त्याची बोट तिथे लागते. ग्रुपवर तो दिसतो फक्त वाढदिवसाला आणि कुणी गेलं तर. त्याच्या आईची थोरली बहीण लग्न होऊन कराचीला गेली ती तिथलीच झाली. खाला आता नाही, पण तिची मुलं-नातवंडं आहेत. कोकणी मुसलमानांत अशी घरं थोडीथोडकी नाहीत. कराचीत कोकण्यांची चांगली वस्ती आहे. आणि त्यात नवल वाटण्यासारखंही काही नाही. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता, कराची आणि रत्नागिरी एकाच गव्हर्नरच्या अंमलाखाली. पोटापाण्यासाठी बोटीत बसून मुंबईला जायचं तसंच आणखी पुढे कराचीला जायचं.

मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "रात्री दीडला खालेच्या मुलाचा फोन आलेला. विचारत होता, रत्नागिरीला काही झालं नाही ना?"

तिकडेही ग्रुप असणारच. ७ मेच्या नागरी संरक्षणाच्या सरावाच्या यादीत रत्नागिरीचं नाव होतं, ते त्याला कुठून तरी कळलं असावं. ग्रुपवर तू हे लिही ना, असं मी म्हणालो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलून डिझेलचा भाव विचारला.

*

जगाची उठाठेव रत्नागिरीला नवी नाही. इथे वाचकाला पु. लं.चा अंतू बर्वा आठवेल. आठवायलाच हवा, मधल्या आळीचं नाव त्याने महाराष्ट्रभर केलं. पण आळीतल्या बोलण्याला एक लगाम असतो. ज्याच्याविषयी बोलायचं तो कोणत्याही क्षणी कोपऱ्यावरून वळून समोर उभा राहू शकतो. शिवाय बोलणाऱ्याची सगळी कुंडली ऐकणाऱ्यांना पाठ असते. त्यामुळे जगाचा निकाल लावतानाही माणूस स्वतःचं हसं होणार नाही एवढं भान ठेवतो. फोनवर कोपरा नाही.

उलट जगानेही आमची उठाठेव केली आहे. टिळक आळीत २३ जुलै १८५६ ला जन्मलेल्या माणसाला १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, आणि त्यावर युरोपात बसून लेनिनने लिहिलं. ऑगस्ट १९०८ चा तो लेख जगाच्या राजकारणातल्या ज्वालाग्राही पदार्थांवर आहे आणि त्यात टिळकांची शिक्षा आहे. परदेशी माणसाने परक्या देशातल्या ताज्या घडामोडीवर मत ठोकून देण्याचा हा नमुना म्हणता येईल, फक्त लेनिनने लिहिण्यापूर्वी माहिती घेतली होती.

थिबा राजाची गोष्ट तर आमच्याकडे आंतरराष्ट्रीय राजकारण भाड्याने राहायला आल्यासारखी. ब्रह्मदेशाच्या सागवानाचा व्यापार करणारी इंग्रजांची कंपनी, तिला झालेला दंड, फ्रेंचांशी मंडालेच्या दरबाराचं सूत जमेल ही लंडनची धास्ती. या सगळ्याचा शेवट १८८५ च्या नोव्हेंबरात राज्य जाण्यात झाला आणि १८८६ मध्ये राजा, राण्या आणि राजकन्या रत्नागिरीला आल्या. राजवाडा बांधून व्हायला १९१० उजाडलं. सहा वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये राजा वारला. थोरल्या राजकन्येची मुलगी इथेच वाढली, मराठी बोलत जगली आणि म्हातारी होऊन इथेच गेली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीला येऊन गेले. माझ्या आजीच्या तोंडी मात्र या सगळ्या प्रकरणाचं सार एवढंच होतं की राणी फार खर्चिक होती.

पण माझ्या नियमाचा खरा पूर्वज वेगळाच आहे. सावरकरांना ६ जानेवारी १९२४ ला येरवड्याहून सोडलं ते दोन अटींवर. रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही. अट पाच वर्षांची होती, ती वाढत वाढत १० मे १९३७ पर्यंत चालली. आणि कुणावर ही अट? ज्या माणसाच्या मार्सेयच्या बंदरातल्या उडीवरून इंग्लंड आणि फ्रान्स हेगच्या लवादापुढे गेले होते, त्याच्यावर. तो निकाल २४ फेब्रुवारी १९११ चा. अटकेत गैर घडलं हे लवादाने मान्य केलं, पण कैदी परत देण्याची गरज नाही असं ठरवलं. स्वतःच आंतरराष्ट्रीय कायद्याचा विषय झालेला माणूस तेरा वर्षं आमच्या गावात राजकारण नको या पाटीखाली राहिला. त्या काळात त्यांनी काय केलं ते सर्वांना ठाऊक आहे: सहभोजनं, १९३१ चं पतितपावन मंदिर, भाषाशुद्धी. १९२७ च्या मार्चमध्ये गांधीजी त्यांना इथेच भेटून गेले. त्या भेटीत राजकारण किती निघालं असेल हे ज्याचं त्याने ठरवावं. कलेक्टर कचेरीतल्या ज्या कारकुनाला यांच्या बोलण्यात राजकारण कुठे सुरू होतं हे पाहायचं काम असेल, त्याच्याविषयी मला आजकाल फार जवळीक वाटते.

माझी अडचण त्याच्याहून सोपी आहे, हे खरं. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगून टाकलं की सभासदाने काही आक्षेपार्ह लिहिलं तर केवळ अॅडमिन आहे म्हणून अॅडमिन दोषी धरता येणार नाही. मी तो निकाल ग्रुपवर टाकला. एकानेही वाचला नाही, पण सगळ्यांना हायसं वाटलं.

आणखी एक गोष्ट मी टाकत असतो, तीही कुणी वाचत नाही. एकच मजकूर एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे धाडता येत नाही, हा निर्बंध व्हॉट्सअॅपने भारतात आणला तो जुलै २०१८ मध्ये. त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं होतं. भिक्षा मागायला आलेली माणसं ती. कराचीची अफवा आणि राईनपाड्याची अफवा एकाच बोटाने पुढे जाते. एक समुद्रापलीकडे पडते म्हणून आपण तिला करमणूक म्हणतो.

*

१९९० च्या ऑगस्टमध्ये मी बँकेत नवा होतो. त्या वर्षीची २ ऑगस्ट मला तारीख म्हणून आठवत नाही, काउंटर म्हणून आठवते. सद्दामने कुवेतमध्ये सैन्य घातलं, आणि पुढचे कित्येक दिवस काउंटरपलीकडे बायका उभ्या. गळ्यापाशी ओढणी घट्ट धरलेल्या, हातात ड्राफ्टचा कागद. हा वटेल का? एवढाच प्रश्न. मला माहीत नव्हतं, मॅनेजरना माहीत नव्हतं, मुंबईच्या मुख्य कचेरीलाही माहीत नव्हतं. इराक कुठे, कुवेत कुठे, तेल कुणाचं, अमेरिका का येतेय, यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही. पण बसरा, बगदाद, अम्मान या गावांचा क्रम त्यांना पाठ झाला होता, कारण माणसं त्या वाटेने बाहेर पडत होती.

कुवेतमधल्या भारतीयांची संख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. अम्मानहून मुंबईला एअर इंडियाची विमानं ५९ दिवस येत राहिली, एकूण ४८८ फेऱ्या. आता त्यावर सिनेमा निघाला आहे. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, महामंडळ नुकतंच स्थापन झालं होतं. सहारला उतरलेला माणूस एसटीने रात्रभर कशेडी चढत-उतरत रत्नागिरीला यायचा. एकाला मी पाहिलं आहे. खात्याची चौकशी करायला आला होता. अंगात कुणाचा तरी दिलेला शर्ट, पायात दोन वेगवेगळ्या चपला. त्याला बसायला खुर्ची दिली तर तो उभाच राहिला. बसायची सवय गेली म्हणाला.

आमचे कुवेतचे दोघे त्यानंतरच्या खेपेतले, पण आखाताचा धडा घरात शिकून गेलेले. ग्रुपवर बोलत नाहीत याचं एक कारण भीती हेही आहे. तिथल्या राजवटींना परदेशी कामगाराची मतं आवडत नाहीत. इथल्या मित्राने उत्साहाने टाकलेलं चित्र आपल्या फोनमध्ये सापडलं तर नोकरी जाईल हे ते जाणून असतात. त्यांच्यातला एक फोनमध्ये काही आपोआप साठू नये अशी व्यवस्था करून बसलाय. बॉयलरवाल्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, घाबरट आहेत. त्याची पेन्शन इथल्या बँकेत जमा होते.

*

आता आंब्याकडे येतो, कारण कराची घेतली त्या रात्रीचं एक शेपूट त्यात आहे.

हापूस हा आमचा परराष्ट्रव्यवहार. अमेरिकेचं दार १९८९ ला बंद झालं होतं, ते २००७ मध्ये उघडलं, अणुकराराच्या बोलण्यांबरोबर आंबाही बोलला गेला म्हणून. फळावर किरणांचा मारा करून कोय आणि गरातली कीड निकामी करायची, मग पाठवायचं, अशी अट. युरोपने १ मे २०१४ पासून आंब्यावर बंदी घातली, फळमाशी सापडली म्हणून. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळू. लंडनच्या देशस्थांनी त्या वर्षी फदफदं कशाचं केलं असेल कोण जाणे. बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. त्या एका मोसमात रत्नागिरीतल्या लहानसहान बागायतदाराला ब्रुसेल्स हे नाव कळलं, गरम पाण्याची प्रक्रिया आणि बाष्पाची प्रक्रिया यांतला फरक कळला, मालाच्या पेटीवर बागेचा नोंदणी क्रमांक का हवा ते कळलं. वाद तेव्हाही झाले, पण आंबा पुढ्यात ठेवून झाले. कुणीतरी फळ चिरायचा आणि दाखवायचा.

आणि मे २०२५? त्या ८ आणि ९ तारखेला, ग्रुप समुद्रावर लढत असताना, नवी मुंबईच्या विकिरण केंद्रात अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यांवर प्रक्रिया होत होती. कागदपत्रांत चूक निघाली. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, अटलांटा इथे पोहोचलेला पंधरा खेपांचा माल अमेरिकेने नाकारला. परत आणायचा खर्च मालापेक्षा जास्त, तेव्हा व्यापाऱ्यांनी तो तिथेच नष्ट करायला दिला. नुकसान साधारण पाच लाख डॉलरचं. ही बातमी आली त्या दिवशी मी ती ग्रुपवर टाकली. तीन अंगठे आले. एकाने विचारलं, आपल्या बागेतला होता का? नव्हता, मी लिहिलं. विषय संपला. ऑगस्टअखेरीस ट्रम्पनी आयातशुल्क पन्नास टक्क्यांवर नेलं तेव्हा मात्र रात्रभर चर्चा चालली आणि तिच्यात आंबा, कोळंबी, मिरकरवाडा यांतलं काही म्हणता काही आलं नाही. भारताने काय करावं हे आलं.

मला यात ढोंग दिसत नाही. दूरच्या गोष्टीवर बोलणं सोपं असतं, कारण तिथे चुकलं तरी पेटी परत येत नाही.

*

पण हेच रत्नागिरीकर परदेशाविषयी किती चांगला वाद घालू शकतात, हे पाहायचं तर राजापूर तालुक्यात जायला हवं होतं, २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत.

६ डिसेंबर २०१० ला फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी दिल्लीत असताना आरेवा कंपनीशी जैतापूरचा करार झाला. १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट. जागा माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या गावांची, साडेनऊशे हेक्टरच्या जवळपास. मी तिथे बँकेच्या कामाने जायचो. माडबनच्या सड्यावर आंब्याच्या कलमाखाली बसलेल्या माणसांकडून मी फिनलंडमधल्या ओल्किलुओटोचं नाव पहिल्यांदा ऐकलं. त्याच जातीची भट्टी तिथे २००५ पासून बांधतायत आणि अजून उभी राहत नाही, असं एक मिश्या पांढऱ्या झालेला गृहस्थ सांगत होता. उच्चार त्याने आपल्या जिभेला बसेल असा केला होता, पण तारखा अचूक होत्या. (ती भट्टी पूर्णपणे सुरू व्हायला २०२३ उजाडलं. फ्रान्समधली फ्लामानव्हिलची २०२४ च्या डिसेंबरात ग्रिडला जोडली गेली, बांधायला घेतली होती २००७ मध्ये.) मग ११ मार्च २०११ ला फुकुशिमा झालं, आणि १८ एप्रिलला नाट्याला आंदोलकांवर गोळीबार झाला, त्यात एक तरुण मच्छीमार गेला.

माझं स्वतःचं मत त्या प्रकल्पाबाबत डळमळीत होतं आणि आहे. वीज मलाही लागते. पण तिथला वाद ऐकण्यासारखा होता हे मी कुठेही सांगेन. समुद्राचं पाणी किती अंशांनी तापेल, मग बांगडा कुठे जाईल, नुकसानभरपाईचा कायदा काय म्हणतो, फ्रेंच कंपनी कर्जात आहे का. बाजूने बोलणारेही होते, गावातलेच, आणि त्यांना उत्तर द्यायला समोरच्याला घरी जाऊन वाचून यावं लागे. कारण दुसऱ्या दिवशी तोच माणूस त्याच पाणंदीवर भेटणार.

मग रिफायनरी आली, आणि तिच्याबरोबर फोन. नाणारला वर्षाला सहा कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प. २०१८ च्या एप्रिलमध्ये सौदी अराम्को भागीदार झाली, जूनमध्ये अबूधाबीची अॅडनॉक. गावागावांत ग्रुप झाले. सभेचा निरोप पाच मिनिटांत पोहोचू लागला हा फायदा, आणि कोण कुणाला विकला गेला हेही पाच मिनिटांत पोहोचू लागलं. मार्च २०१९ मध्ये नाणारची अधिसूचना रद्द झाली. पुढे बारसूच्या सड्याचं नाव निघालं, तिथे एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाविरुद्ध बाया उन्हात सड्यावर आडव्या झाल्या. त्याच्या दोन महिने आधी, ६ फेब्रुवारीला, रिफायनरीविरोधात सातत्याने लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांना राजापुरात गाडीने चिरडलं. त्याच दिवशी त्यांची बातमी छापून आली होती. दुसऱ्या दिवशी ते गेले. खुनाचा गुन्हा दाखल झाला.

आमच्या ग्रुपवर त्या आठवड्यात श्रद्धांजलीचे हात आले, मग तुर्कस्तानचा भूकंप आला, तोही ६ फेब्रुवारीचाच. भूकंपावर खूप चर्चा झाली.

*

२०२५ च्याच सप्टेंबरमध्ये, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, बोटवाल्या मित्राने मला मिरकरवाड्याला बोलावलं. काम फोनचं होतं. त्याच्या बोटीवरचे खलाशी नेपाळी. आता रत्नागिरीत हे सांगायलाही नको. बोटीवर नेपाळी, बागेत राखणीला नेपाळी. माझी चाळीस कलमंही डिसेंबरपासून एक नेपाळी कुटुंबच सांभाळतं. जाळं ओढणारे हात आणि माकडं हाकणारे हात हिमालयातून आले नाहीत तर रत्नागिरीचा मासा आणि आंबा दोन्ही बसेल.

खलाशांतला एक कैलाली जिल्ह्यातला, तिशीचा. दोन दिवस त्याचा घरी फोन लागत नव्हता. आमचा समज, रेंजची भानगड. भानगड वेगळी होती. नेपाळ सरकारने ४ सप्टेंबरला फेसबुक, व्हॉट्सअॅप, यूट्यूब धरून २६ समाजमाध्यमं बंद केली होती, नोंदणी केली नाही म्हणून. ज्या देशाची तरुण माणसं परदेशात राबतात आणि रोज रात्री मेसेंजरवर पोराचं तोंड पाहतात, त्या देशात मेसेंजर बंद. टिकटॉक, व्हायबर अशी नोंदणी केलेली थोडकीच चालू. टिकटॉक तिथे चालू तर आपल्याकडे २०२० पासून बंद. उरलं व्हायबर. जाळ्यांच्या ढिगावर बसून मी त्याला ते घालून दिलं. माशाच्या खवल्यांनी काच अशी बरबटलेली की अंगठा उमटेना. लुंगीला पुसून पुसून अखेर लागलं. बायकोला तिकडे कुणीतरी आधीच घालून दिलं होतं. तो बोलायला बोटीच्या पलीकडच्या टोकाला गेला.

८ तारखेला काठमांडूत पोरं रस्त्यावर आली, पहिल्याच दिवशी १९ जण गोळीबारात मेले. रात्री बंदी उठली. ९ तारखेला संसद जळली, सिंहदरबार जळला, पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. आमच्या ग्रुपवर दुपारपर्यंत अमेरिकेचा हात सिद्ध झाला, संध्याकाळी चीनचा. न्यू जर्सीने एक तक्ता टाकला, श्रीलंका, बांगलादेश, नेपाळ असा बाण काढलेला.

१० तारखेला नेपाळभर संचारबंदी. खलाशाच्या बायकोचा फोन पुन्हा बंद, आता व्हायबरही लागेना. पहाटे बोट सुटायची होती, पाच दिवसांसाठी. मी आयुष्यात पहिल्यांदा अॅडमिन म्हणून स्वतःचा नियम मोडला आणि त्या तक्त्याखाली लिहिलं: नेपाळात कैलालीला, धनगढीजवळ कुणाची ओळख आहे का? एका माणसाचं घर सुखरूप आहे एवढं कळायला हवं. वॉर्डाचं नाव दिलं.

पहिलं उत्तर पुण्याहून आलं, सीमावर्ती भागाचं सामरिक महत्त्व. दुसरं, हात जोडलेले. तिसरं कुवेतहून. त्या मित्राचा मजकूर ग्रुपवर मी वर्षभरात पाहिला नव्हता. त्याने लिहिलं: "माझ्या साइटवर तिकडचे चौघे आहेत. थांब."

रात्री साडेबाराला त्याचा फोन आला, ग्रुपवर नाही, मला. चौघांतल्या एकाचा भाऊ दोन गल्ल्या सोडून राहतो, तो मागच्या वाटेने जाऊन पाहून आला. घरची माणसं ठीक. बाईच्या फोनचा बॅलन्स संपलाय आणि दुकानं बंद आहेत, एवढंच. मी स्कूटर काढून मिरकरवाड्याला गेलो. बर्फ भरणं चाललं होतं, यंत्रातून चुरा धडधडत खणात पडत होता. ओरडूनच सांगावं लागलं. त्याने मान हलवली, फावडं टेकवून क्षणभर उभा राहिला आणि पुन्हा बर्फ लोटायला लागला.

बोट गेली. किनारा मागे पडला की रेंज जाते. त्या दिवसांत काठमांडूत जे चाललं होतं तसं मी कधी वाचलं नव्हतं. पोरांनी डिस्कॉर्ड नावाच्या, मुळात खेळ खेळणाऱ्यांच्या गप्पांच्या जागी लाखाहून जास्त माणसं जमवली, तिथेच तासन्‌तास भांडण केलं, कोण हवं यावर कौल घेतला, आणि माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचं नाव पुढे आलं. १२ तारखेला त्यांनी शपथ घेतली. नेपाळच्या पहिल्या महिला पंतप्रधान. ऑनलाइन वादातून काही निघत नाही असं मी या ग्रुपवर किती वेळा लिहिलंय, ते मी त्या रात्री मागे जाऊन वाचलं.

बोट परत आली तेव्हा जेट्टीवर लिलाव लागला होता. बायका टोपल्या घेऊन तुटून पडलेल्या, गलका नुसता. माझा माणूस डेकवर पाइप घेऊन धुवत होता. मला बघून त्याने पाइप खाली सोडला.

"काका, नवीन कोण आलं?"

सांगितलं. न्यायाधीश होत्या, बाई आहेत. त्याला नाव ओळखीचं वाटलं.

"मोबाइलवर ठरवलं म्हणतात, खरं?"

खरं, मी म्हटलं. पोरांनी विचारलं सगळ्यांना. कौल घेतला.

"कधी?"

मी दिवस सांगितला. त्याने बोटांवर मोजलं, मग समुद्राकडे हात केला, भगवती बंदराच्याही पलीकडे.

"तेव्हा मी तिकडे होतो," म्हणाला, आणि पाइप उचलून उरलेले खवले धुऊ लागला.